सत्तावीसवर ठेवलेली रेघ

सासऱ्यांच्या पायात चपला होत्या, डाव्या कडेवर माझी दीड वर्षाची लेक होती आणि उजव्या हाताने ते दाराची कडी काढत होते. मी आतल्या खोलीत त्यांच्याच चित्रातल्या रेघा साफ करत बसले होते. कडीचा आवाज ऐकला आणि हातातलं काम टाकून मी बाहेर आले.

"मॅनेजरला बागेत फिरवून आणतो," ते म्हणाले. लेक दिवसभर घराची तपासणी करत हिंडते, म्हणून हे नाव त्यांनीच ठेवलेलं.

आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, जिना अरुंद. आणि बाबांचे हात थरथरतात.

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या हातून पाण्याचा तांब्या सुटला, लेकीपासून वीतभर अंतरावर. तेव्हा त्यांनीच बजावलं होतं, हिला आता माझ्याकडे उचलून देत जाऊ नका. मला सांगावं लागलं नाही, म्हणून मी सुटले होते. खोटं कशाला बोलू.

बाबा चाळीस वर्षं मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढतायत. अलीकडे टॅब्लेटवर काढतात. ते बाहेर टेबलाशी पेनने काळी रेघ ओढतात, फाइल माझ्याकडे येते, मी ती साफ करते. सुटलेल्या फटी जोडायच्या, नाहीतर रंग भरताना तो फटीतून बाहेर सांडतो. हात थरथरून रेघेला फुटलेले वाकडे काटे छाटायचे, चुकून पडलेले ठिपके पुसायचे. पूर्वी एका पानाला अर्धा तास पुरायचा. हात बिघडत गेला तसा एका पानाला अख्खा दिवस जायला लागला. कोल्ह्याच्या एका शेपटीत मी चौसष्ट काटे छाटले. नंतर तर मी साफ करत नव्हतेच, खाली त्यांचं चित्र ठेवून वर सगळं नव्याने गिरवत होते. बाबांनाही ते दिसत असणार. ते जेवताना बोलेनासे झाले.

मग तीन आठवड्यांपूर्वी, ते अंघोळीला गेले असताना, मी त्यांच्या टॅब्लेटवरचा स्टॅबिलायझर वाढवला. फ्रिजच्या मागे असतो तो नव्हे, हा रेघेचा. पेन थरथरलं तरी रेघ थोडी मागे राहून, सरासरी काढत, गुळगुळीत येते. आकडा चारवर होता, तो सत्तावीसवर नेला. रेघ पेनाच्या मागून का येते म्हणून त्यांनी विचारलं तर सांगितलं, कॉम्प्युटर म्हातारा झालाय. ते हसून म्हणाले, "मग आमचं जमेल."

आणि जमलं की. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बोलावून झाडाचा बुंधा दाखवला. एका दमात ओढलेला, लोण्यासारखा. मी वा वा म्हटलं. त्यांनी बहिणीला फोन करून हात सुधारतोय म्हणून सांगितलं. आठवडाभराने मला कळलं, थरथरीच्या गोळीने चक्कर येते म्हणून त्यांनी ती निम्मी केलीय, आता गरज नाही म्हणून. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, किती दिवसांनी खुशीत आहेत, पुस्तक होऊ दे, मग बघू. त्याला काय, तो सकाळी नऊला बाहेर पडतो. मी घरात बसून त्यांच्या हातातला कप बघत असते.

"बाबा, थांबा. मी नेते तिला."

"तू काम कर. मला काय झालंय आता?"

लेकीने त्यांचा चष्मा धरला होता. तो सोडवायला त्यांनी उजवा हात वर केला आणि तो हात चष्म्यापर्यंत पोचताना दोनदा चुकला. त्यांना ते जाणवलंही नाही. ते हसतच होते. त्यांनी दार उघडलं. समोरच्या पायऱ्या मला मोजता आल्या असत्या इतक्या स्पष्ट दिसल्या.

मी काहीही सबब सांगू शकले असते. तिचं दूध राहिलंय, ऊन झालंय, टोपी सापडत नाही. पण उद्या काय सांगणार होते? परवा?

"एक रेघ काढून दाखवा," मी म्हटलं. "आत्ता. मग जा."

माझा आवाज फाटला असावा, कारण ते मुकाट परत फिरले. मी लेकीला त्यांच्याकडून जवळजवळ ओढूनच घेतलं. टॅब्लेटवर वाकून आकडा शून्यावर आणला. लपवला नाही, त्यांच्या डोळ्यांदेखत आणला. त्यांनी पेन उचललं आणि गोल काढला.

तो गोल नव्हता. करवतीच्या पात्यासारखं काहीतरी होतं, आणि त्याची दोन टोकं भेटलीच नाहीत.

बाबांनी आणखी एक काढला. मग आणखी एक, पहिल्यापेक्षा सावकाश, मनगट दुसऱ्या हाताने दाबून.

"किती ठेवला होतास?"

"सत्तावीस."

"तरीच कोल्ह्याचे कान गोल येत होते." ते स्क्रीनकडेच बघत होते. "टोक काढायला जायचो, पोचायचंच नाही. म्हटलं, हात आला तर आता डोळे गेले."

मला माफी मागायची होती. त्याऐवजी मी लेकीला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली.

"काल नेलं होतं हिला," ते म्हणाले. "तू अंघोळीला होतीस तेव्हा. खाली आणि वर."

मी तिथेच जमिनीवर बसले. काल मी केस धुतले होते, निवांतपणे, बाबा आहेत ना बाहेर म्हणत. त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडायचं कोणावर? आकडा मी वाढवला होता.

बाबांनी चपला काढल्या. दोन्ही हात गुडघ्यांत धरून ते खुर्चीवर बसले. लेक माझ्या मांडीवरून उतरून त्यांच्याकडे निघाली. मी तिला अडवलं नाही, त्यांनी उचललं नाही. ती त्यांची पँट धरून उभी राहिली.

"या घरात माझं आणखी काय काय साफ करून ठेवलंयस?" त्यांनी विचारलं. रागाने नव्हे. डॉक्टरला विचारावं तसं. "एकदाच सगळं सांग."

मी सांगायला लागले. कप अर्धाच भरते ते. सदऱ्यांची बटणं काढून आतून प्रेसबटणं लावलीत ते. तुमच्या ताटात आमटी मुद्दाम घट्ट असते ते. प्रत्येक वेळी ते मान हलवत होते, आणि मला आणखी आठवत जात होतं.