हिंमतरावांचा व्यायाम

हिंमतरावांच्या घरात आजवर कोणी घाबरलेलं नव्हतं. पणजोबा गायकवाडी फौजेत होते, मग घाबरायची सोय कुठली? छातीत धडधडलं तर पित्त, झोप उडाली तरी पित्त, आणि डोळ्यांत पाणी दिसलं तर बायको देवश्रीबाई कांदा चिरत होत्या असं समजायचं. सगळ्यावर औषध एकच, जिरं घातलेलं गार ताक.

त्यामुळे लेक राजनंदिनी सकाळी ऑफिसला निघताना पोट धरून बसू लागली, तेव्हा तिच्यापुढेही ताकाचा पेला आला. अलकापुरीतली नवी नोकरी, पोर हुशार, आणि आठवडाभर घरातच. "आई, मी नोकरी सोडते," असं ती म्हणाल्याचं ऐकलं आणि हिंमतरावांचा ताकावरचा विश्वास डळमळला.

त्यांच्या गोत्रीच्या सोसायटीत त्या रविवारी मनाच्या आरोग्यावर कार्यक्रम होता. हिंमतराव गेले ते खरं म्हणजे नंतरच्या सेव-उसळीसाठी. मिशीला पीळ देत मागच्या खुर्चीत बसले. पण समुपदेशक मितालीबेन बोलू लागल्या आणि हिंमतरावांनी कान टवकारले. घाबरलेल्या माणसाचं पोटही दुखतं म्हणे. भीती वाटते ती जागा तो टाळतो, आणि टाळण्याला छानसं नाव देतो. इथे हिंमतराव उगीचच चुळबुळले. शेवटी त्यांनी हात वर केला.

"पोरीला समजवायचं कसं?"

"समजाववानुं नथी, काका. फक्त सांभळवानुं," मितालीबेन हसून म्हणाल्या. म्हणजे समजवायचं नाही, नुसतं ऐकायचं.

बोलणाऱ्याचं काय जातं! घरी येऊन हिंमतराव लेकीसमोर बसले, "बोल, मी ऐकतोय," म्हणाले, आणि तिनं तोंड उघडायच्या आत पणजोबांच्या लढाईपर्यंत पोचले.

"बाबा, काही नाही झालं मला. पित्तच आहे," म्हणत ती उठली.

हिंमतरावांना फार वाईट वाटलं. घरात जो शब्द कोणी कधी उच्चारलाच नाही, तो पोरीनं तरी कुठून आणावा?

"नंदू, थांब. मी लिफ्टनं का येत नाही, ठाऊक आहे?"

"व्यायाम म्हणून."

"कसला डोंबलाचा व्यायाम! गुडघे बोंबलतात माझे. मला लिफ्टची भीती वाटते. दार मिटलं की जीव गुदमरतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तसा तुझा बाप."

राजनंदिनी परत बसली. मग म्हणाली, "बाबा, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. खालची भाजीवाली मासी तुम्हाला कलिंगड विकत नाही, जिने चढायचे म्हणून."

स्वयंपाकघरातून देवश्रीबाईंचं हसू फुटलं. हिंमतरावांची मिशी आधी पडली, मग तेही हसले. हसता हसता राजनंदिनीचे डोळे भरले, आणि जवळपास कुठे कांदा नव्हता. मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की भीती वाटते. मागे एकदा सगळ्यांसमोर शब्दच फुटला नाही, दोघं-तिघं हसले. आता त्या खोलीत पाऊल टाकायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. ती सांगत राहिली. हिंमतरावांच्या ओठावर दोन-चार सल्ले आले, ते त्यांनी मोठ्या कष्टानं गिळले.

"मितालीबेनकडे जाऊ या?" तिचं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं. "मी येतो बरोबर."

"त्या सातव्या मजल्यावर बसतात, बाबा."

हिंमतरावांनी तिच्या पेल्यात उरलेलं ताक एका घोटात संपवलं.

दुसऱ्या दिवशी बापलेक मितालीबेनच्या बिल्डिंगमधल्या लिफ्टसमोर उभे राहिले. राजनंदिनीचा चेहरा उतरलेला होता, तरी ती म्हणाली, "जिन्यानं जाऊ, बाबा. मला चालेल."

"तू आत जाऊन सगळं बोलणार आहेस ना? मग मला एवढं तरी करू दे."

दार मिटलं. हिंमतरावांनी लेकीचा हात इतका घट्ट धरला की तिची अंगठी त्यांच्याच बोटात रुतली.

"घाबरलात?" तिनं हळूच विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं.

"हो, खूप," हिंमतराव म्हणाले. "आणि तू?"

"मी पण," राजनंदिनी म्हणाली, आणि सातवा मजला आला तरी तिनं त्यांचा हात सोडला नाही.