फुग्यावरची दाढी

थोरल्या लेकीचं लग्न उरकलं त्याच वर्षी न्हाव्याला अर्धांगाचा झटका आला. वस्तऱ्याचा उजवा हात ओल्या फडक्यासारखा लोंबू लागला.

एका सकाळी जांभई देताना तोच हात कोपरात वाकून थेट हनुवटीपर्यंत वर आला. घरात आनंदीआनंद झाला. बायकोचा धाकटा भाऊ म्हणाला, "दाजी, तुमच्याआधी हातच जागा झाला की!"

व्यायाम शिकवायला येणारी बाई मात्र हसली नाही. "जांभईबरोबर उठतो तो हात त्यांच्या हुकमातला नाही," तिने बजावलं. "मनात आणून पेला उचलतील, ते खरं."

न्हावी हट्टाला पेटला. पेला उचलला, बटणं लावली, मग वस्तरा धरला. त्याच्या सलूनमध्ये नवशिक्याला फुगवलेल्या फुग्यावर फेस थापून तो वस्तऱ्याने उतरवावा लागे. फुगा टिकला तरच खुर्ची मिळे. न्हावीही त्या कसोटीला उतरला. एकही फुगा फुटला नाही.

"आता पहिली दाढी माझी," भाऊ म्हणाला.

"अरे, जरा दम धर," बायको म्हणाली.

"ताई, मला मिसरूड फुटलं तेव्हा वस्तरा दाजींनीच लावला. घरचाच माणूस भ्यायला, तर परका कशाला बसेल?"

"आणि कुणी बसलंच नाही, तर माझं काय लोणचं घालणार आहेस?" न्हावी तिच्यावर खेकसला.

 ती आरशापासून हलली नाही.

एक गाल गुळगुळीत झाला. दुसराही झाला. भावाला त्या खुर्चीत डुलकी लागायची जुनी खोड होती. ऊन वर आलेलं, पंखा घरघरत होता, त्याचे डोळे मिटायला लागले. वस्तरा जबड्याखाली गेला. तेवढ्यात भावाचे ओठ विलग झाले, हनुवटीवरचा उरलेला फेस ताणला गेला. भावाने जांभई दिली.

फुगा कधी जांभई देत नाही, हे तिला तेव्हा सुचलं.

आरशात तिला नवऱ्याचं तोंड दिसलं. तो भावाच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याच्याही नाकपुड्या फुलत होत्या.

"अहो, हात काढा! आधी हात काढा!"

त्याने तिच्याकडे पाहिलं. उत्तर द्यायला म्हणून तोंड उघडलं, ते उघडतच गेलं. दर जांभईला यायचा तसा हात वर आला, वस्तऱ्यासकट.

भाऊ त्याच दुपारी, दवाखान्याच्या वाटेवरच दगावला. न्हावी गेला तो थोरलीला दुसरं मूल झालं त्या वर्षी. तोवर त्याचा हात पुरता बरा झाला होता.