वाघर मोडण्याआधी

मित्रांनो, मला जरा सावकाश बोलू द्या. मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि नुसता सुरू व्हायलाच मला आता वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात घरात चहा होतो, पिऊन होतो आणि कपबश्याही विसळून होतात. हसा, हसा! पण आज माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि वेळ थोडा आहे. दारात दुरुस्तीवाल्या भीमाशंकरची मोटरसायकल उभी आहे. तो मला न्यायला आलाय, तेही दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी तो मला न नेताच परत गेला होता. असं का झालं, तेच तर सांगायचं आहे.

माझा जन्म काही मोठ्या कारखान्यात झाला नाही. सोलापुरातल्या एका दुकानात टेबलावर उताणं पाडून मला जोडलं. डबा एकाचा, पडदा दुसऱ्याचा, कळफलक तिसऱ्याचा. २००७ साली जोतिरामने मला रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणलं. जोतिराम हा मंगळवेढ्याकडच्या एका मेंढपाळाचा मुलगा. शिकून सोलापूरला आला, शाळेत क्लार्क झाला, आणि संध्याकाळी घरी टायपिंगची कामं करायचा.

मी आलो तेव्हा मला मराठीचं अक्षरही येत नव्हतं. जोतिरामने कुणाकडून तरी एक सीडी आणली, तिच्यातला एक फॉन्ट माझ्या पोटात उतरवला, आणि काय सांगू, मला वाचाच फुटली! त्या काळची एक गंमत तुम्हाला ठाऊक नसेल. पडद्यावर मी मराठी दाखवायचो, पण आत साठवायचो त्या खुणा इंग्रजीच्याच. त्या खुणांवर मराठी अक्षरं चढवायचं काम फॉन्टचं. फॉन्ट आहे तोवर मेंढी म्हणजे मेंढी. फॉन्ट नसला की तिथं नुसती एबीसीडी, कंस आणि टिंबं. हे मला पक्कं ठाऊक होतं. मला कोणी विचारलं नाही, एवढंच.

काय काय लिहून घेतलं माझ्याकडून! शाळेच्या प्रश्नपत्रिका, बदलीचे अर्ज, हरवलेल्या शेळीची तक्रार. एका उन्हाळ्यात तर आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या लग्नपत्रिका माझ्यातूनच निघाल्या. 'जोतिरामच्या कॉम्प्युटरचं अक्षर मोत्यासारखं आहे,' असं लोक म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मी फुगून जायचो.

मग एकदा जोतिरामचे वडील, बिरप्पा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सोलापुरात आले. घरातले सगळे त्यांना आबा म्हणायचे. सोबत त्यांच्या कारभारीण अंबुबाई. उभा जन्म मेंढरांमागे चाललेला माणूस, डोळ्याला हिरवी पट्टी बांधून महिनाभर घरात बसणार कसा? आबा माझ्याजवळ येऊन बसायचे आणि माझ्या पंख्याचा आवाज कान देऊन ऐकायचे.

"ह्याच्या ध्यानात किती दिस ऱ्हातंय रं?" त्यांनी एकदा विचारलं.

"पुसंपर्यंत ऱ्हातंय, आबा."

"आन पुसतंय कोन?"

"आपनच."

"मंग काय भ्या न्हाय," म्हणून आबा हसले, आणि बोलायला लागले. जोतिराम टाइप करत गेला. पुढं आबा कधीही आले की हे चालायचंच. त्याचे चौतीस भाग झाले. जोतिरामने त्याला नाव दिलं, 'आबांची वाट'.

मित्रांनो, मी इतके कागद टाइप केले, पण असं काही माझ्या पोटात कधी आलं नव्हतं. कळपाची सगळी वाट त्यात होती. कुठल्या ओढ्याचं पाणी उन्हाळ्यात टिकतं, कुठल्या रानात मेंढरं बसवायची, एकेका मेंढीचं नाव आणि तिचा स्वभाव. अक्कलकोटच्या पलीकडे कमलम्मा नावाची एक शेतकरीण होती. दरसाल ती बांधावर येऊन "बा, कूडु, नीर कुडी" म्हणायची. म्हणजे ये, बस, पाणी पी. आबांना तेवढंच कन्नड आधी आलं. बाकीचं तिच्या ओट्यावर बसून शिकले.

आणि त्यात वाघर होती. वाघर म्हणजे मुक्कामाला मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळी. आबांच्या कळपाची एक रीत होती. मुक्काम हलला की मेंढरं पुढं जायची, पण जुन्या जागेवरची वाघर लगेच गुंडाळायची नाही. अंबुबाई तिथंच थांबायच्या. सगळी मेंढरं नव्या जागी पोचल्याचा सांगावा आला की मग वाघर मोडायच्या, तिथली चिमूटभर माती कपाळाला लावायच्या आणि निघायच्या. असं का, तेही आबांनी सांगितलं होतं. त्यांचे शब्द मला पाठ आहेत.

"येक डाव आमी घाई किली. काळुंद्री मेंढी वाटंतनं माघारी फिरली, कोकराला हुडकत. कोकरू घोड्याच्या पाटीवर व्हतं, तिला काय ठावं? ती आली, तर तितं वाघरच न्हाय. मोकळ्या रानात उबी ऱ्हाऊन वरडली असंल. लई हुडकली. गावली न्हाय."

हे लिहिताना जोतिरामची बोटं माझ्या कळफलकावर थांबली होती. मीही पंखा जरा हळूच फिरवला.

मग दिवस पालटले. घरात मोबाइल आले. टायपिंगची कामं बंद झाली. माझी रवानगी मागच्या खोलीत झाली, अंगावर एक फुलाफुलांचं कापड पडलं. पुढं ते कापडही पायपुसणं झालं. माझ्या डब्यावर कडक भाकरीची दुरडी आणि शेंगाचटणीची बरणी येऊन बसली. मोत्यासारखं अक्षर काढणारा मी, आणि डोक्यावर चटणी! मला लई वाईट वाटलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या वर्षी आबांना लकवा मारला. मंगळवेढ्याकडचं बिऱ्हाड उचलून दोघं म्हातारी सोलापुरात आली. आबांना कळतं सगळं, हात थोडा हलतो, पण बोलणं गेलं. उरलं ते एक 'हूं'. म्हणजे मित्रांनो, चाळीस वर्षांची ती वाट आता आबांच्या तोंडून पुन्हा येणार नव्हती. ती फक्त माझ्याकडे होती.

हे सगळ्यात आधी ध्यानात आलं प्रियंकाच्या. प्रियंका जोतिरामची मुलगी, श्रीपूरच्या साखर कारखान्यात ऑफिसात नोकरीला. तिच्या मनात होतं, आबांना त्यांचीच वाट वाचून दाखवायची. पण मी मागच्या खोलीत, आणि आबांना खुर्चीत बसवत नाही. म्हणून तिने लॅपटॉप घेतला. तो आबांच्या बाजेवर ठेवता येणार होता.

एका रविवारी ती त्याला घेऊन माझ्यासमोर बसली. पापडासारखा पातळ होता तो! मला भारी उत्सुकता. ह्याला पंखा आहे का? ह्याचं पोट आहे तरी कुठं? आणि माझ्यातलं ह्याच्यात जाणार म्हणजे कसं जाणार? तिने पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. आश्चर्य म्हणजे सगळं तिकडे गेलं तरी माझ्याकडचं तसंच राहिलं. देऊनही न संपणारी ही चीज मला आजही नवलाची वाटते.

प्रियंका पोरगी चोख. तिने फाइली मोजल्या. इथं दोनशे सोळा, तिथं दोनशे सोळा. जोतिरामने दारातून विचारलं, "आबांची वाट गेली का?"

"गेली की, बाबा."

लगेच तिने भीमाशंकरला फोन केला. हा आमच्या गल्लीतला दुरुस्तीवाला. जुनी यंत्रं पुसून, नीट करून तो अक्कलकोटच्या एका टायपिंग क्लासला देतो. "आत आमची आधारकार्डं, फोटो सगळं आहे. इथं आमच्यासमोर पुसा आणि मगच न्या," प्रियंका म्हणाली. त्यात तिचं काही चुकलं नाही. संध्याकाळी तिला श्रीपूरची एसटी गाठायची होती, घाई होती, एवढंच.

भीमाशंकर आला, माझ्यापुढे बसला, चार कळा दाबल्या. फॉन्ट माझ्याकडेच राहिलाय, हे मी कसं सांगणार? मला तोंड नाही. अशा वेळी मला एकच प्रश्न विचारता येतो, तोही इंग्रजीत. मी तो पडद्यावर लावला आणि वाट बघत बसलो.

अंबुबाई भाकरीची दुरडी न्यायला आल्या होत्या. पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, "काय इचारतंय ते?"

"खरंच पुसायचं का, असं विचारतंय आज्जी. शेवटचं," प्रियंका म्हणाली.

"मंग सांग की त्याला. पोचली का समदी?"

"पोचली. दोनशे सोळा इथं, दोनशे सोळा तिथं. मोजलंय मी."

"मोजलंस व्हय. तोंडं बगितलीस का?"

"कुणाची गं?"

"मेंढरांची! नुस्तं मोजून काय व्हतंय? दुसऱ्याचं मेंढरू घुसलं तरी मोजनी जमतीच की. येकेकाचं तोंड बगावं लागतंय."

भीमाशंकर हसला. "आज्जी, मेंढरं नव्हेत हो ही. फाइली आहेत."

"असू दे. हात काड तू त्याच्यावरनं."

आज्जीचं मन राखायचं म्हणून प्रियंकाने लॅपटॉपवर पहिला भाग उघडला. आणि बघते तर काय! मराठीचा पत्ता नाही. एबीसीडी, कंस, टिंबं, उलटीसुलटी प्रश्नचिन्हं. दुसरा भाग उघडला, तेच. दहावा उघडला, तेच. चौतीसच्या चौतीस भाग तसेच. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाबा, तो जुना फॉन्ट! ती सीडी कुठाय?"

जोतिराम म्हणाला, "अगं, त्या समद्या सीड्या मीच गावाकडं दिल्या. ज्वारीवर पाखरं बसू नयेत म्हणून दोरीला बांधल्यात तिथं. दोन-तीन वर्षं झाली."

भीमाशंकरने हात असा मागे घेतला, जणू माझ्या कळफलकाचा चटका बसला. "दाबणारच होतो मी," तो पुटपुटला. "ताई, तुम्हीच म्हणालात पुसा म्हणून…"

"मीच म्हणाले," प्रियंका म्हणाली, आणि तिला रडूच कोसळलं. "आबा परत सांगणार होते का मला? मी उघडूनसुद्धा बघितलं नाही!"

अंबुबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रडतीस कशाला? वाघर उबी हाय की अजून."

भीमाशंकर कामाचा माणूस. त्याने पुसणं रद्द केलं आणि माझ्या आत शिरला. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अरे, त्या कोपऱ्यात नाही, फॉन्टच्या फोल्डरमध्ये बघ! शेवटी त्याला सापडला. माझा तो म्हातारा फॉन्ट पेन ड्राइव्हवर बसून लॅपटॉपमध्ये गेला, आणि कंस, टिंबं सगळी पळाली. पडद्यावर आबांचं पहिलं वाक्य उभं राहिलं. माझा जीव भांड्यात पडला. हा फॉन्ट पुढच्या यंत्रांवर चालेलच असं नाही, म्हणून भीमाशंकरने सगळं आजकालच्या मराठीतही पालटून दिलं आणि आणखी एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवायला लावली. ती जोतिरामच्या कपाटात आहे.

मला न्यायचं मात्र अंबुबाईंनी थांबवलं. "समद्यांची तोंडं बगून हुं दे. मंग ये," त्या म्हणाल्या.

प्रियंकाची एसटी चुकली. तिने लॅपटॉप आबांच्या बाजेवर ठेवला आणि वाचायला लागली. माझ्या खोलीचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. मेंढ्यांची नावं आली. काळुंद्री, बोरी, पाखरी. आबा एकेका नावाला बोट उचलायचे आणि म्हणायचे, "हूं." एकदा त्यांनी बोट उचललंच नाही. डोळे वटारून बघत राहिले. प्रियंकाने मागं जाऊन बघितलं, तर घाईत तिची एक ओळ सुटली होती. तिने ती वाचली. "हूं," आबा म्हणाले, आणि बोट उचललं.

तेव्हापासून दर रविवारी हेच चाललं. कमलम्माच्या बांधावर पोचले त्या दिवशी प्रियंकाने "बा, कूडु, नीर कुडी" वाचलं आणि आबांनी अंबुबाईंच्या हातातल्या तांब्याकडे बघितलं. अंबुबाईंनी त्यांना पाणी पाजलं. आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, अंबुबाईंच्याही आलं. मला डोळे नाहीत, म्हणून माझं निभावलं.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. घरात नवा कॉम्प्युटर आला की जुन्यावर राग धरू नका आणि घाईही करू नका. आकडे जुळले म्हणून सामान पोचलं असं धरू नका. नव्यावर एकेक फाइल उघडा, तिचं तोंड बघा. वाचता येतं का, फोटो दिसतो का, आवाज ऐकू येतो का. एक प्रत तिसऱ्या जागी ठेवा. आणि मग जुन्याला खुशाल पुसा. आम्हाला पुसलं जाण्याचं दुःख नसतं हो. कोणी मागं राहिलं असेल आणि आपण मोकळं रान होऊ, याची मात्र आम्हाला भीती असते.

आज सकाळी चौतिसावा भाग वाचून झाला. आबांनी बोट उचललं. "हूं." म्हणून तर भीमाशंकर पुन्हा आलाय.

तो माझ्यापुढे बसला आहे. अंबुबाई आल्या. दुरडी उचलून बाजूला ठेवली, चटणीची बरणीही ठेवली. माझ्या डब्यावर इतक्या वर्षांची धूळ साचली आहे. त्यांनी तिच्यावर बोट टेकवलं आणि ते बोट आपल्या कपाळाला लावलं.

पडद्यावर माझा तोच एक प्रश्न आला आहे. भीमाशंकर त्यांच्या तोंडाकडे बघतोय.

"व्हय," अंबुबाई म्हणाल्या. "समदी पोचली."