उन्हात ठेवलेली काठवट

शुन्पेईला काय काय मिळणार होतं ते आधी सांगते. नुमाझूच्या मासळीबाजाराच्या दारातलं आठ खुर्च्यांचं सुशीचं दुकान. त्या दुकानाचं सत्तेचाळीस वर्षांचं नाव. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. शिवाय भाव न विचारता खाणारी बाजारातली जुनी गिऱ्हाइकं. एवढ्याच्या बदल्यात त्याने करायचं काय होतं? नव्या वर्षाच्या पहिल्या लिलावाच्या सकाळी दोन म्हाताऱ्यांना सुशी खायला घालायची आणि त्यांच्या तोंडून 'चालेल' एवढा एक शब्द काढायचा. सौदा स्वस्तात होता. इतक्या स्वस्तात, की मला तेव्हाच संशय आला.

मित्रांनो, मी त्या दुकानातली भात कालवायची काठवट. जुनी म्हणा, काळी पडलेली म्हणा, मला राग नाही. 'बिचारी' तेवढं म्हणू नका.

माझा जन्म किसोच्या डोंगरातला. युकावा गेन्झो नावाच्या कारागिराने दोनशे वर्षांच्या सावारा झाडाच्या फळ्या काढल्या, त्या बांबूच्या खुंट्यांनी जोडल्या आणि बाहेरून तांब्याची दोन कडी चढवून मला आवळलं. अंगात खिळा एकसुद्धा नाही. गेन्झो फार बोलायचा नाही, पण विकताना एक गोष्ट दोनदा सांगायचा. "वापरण्याआधी हिला पाणी पाजा. आणि वाळवायची ती सावलीत. ही लाकडाची आहे, लाकडाला तहान लागते."

मला विकत घेणारा मासाकिची तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. आज सारा बाजार त्यांना उस्ताद म्हणतो, म्हणून मीही म्हणते. त्यांनी गेन्झोचं ऐकलं. रोज पहाटे मला पाण्याने भरायचे, तास झाला की पाणी ओतून टाकायचे, मग माझ्या पोटात वाफाळता भात यायचा, त्यावर व्हिनेगर, मीठ, साखर. लाकडी उलथन्याने भात कापल्यासारखा कालवायचा, चिरडायचा नाही. फूसाएकाकू, म्हणजे उस्तादांची बायको, शेजारी उभी राहून पंख्याने वारा घालायची. जास्तीचं पाणी मी पिऊन घ्यायचे. दुपारी भात सुकायला लागला की त्यातलंच थोडं परत करायचे. लोकांना वाटतं सुशी म्हणजे मासा. मासा बाजारात पैसे टाकले की मिळतो. भात मिळत नाही.

तर कौतुक भाताचं व्हायचं. कुवाता म्हणून एक घाऊक व्यापारी आहेत, पंच्याहत्तरी ओलांडली तरी आवाज लिलावातला. ते रोज म्हणायचे, "उस्ताद, भात तुमचा! बाकी मासा तर मीच दिलाय." उस्ताद म्हणायचे, "हं."

अकरा वर्षांपूर्वी उस्तादांचा उजवा खांदा गेला. सुरी चालायची, सुशी वळता यायची, पण दोन किलो गरम भात उलथायचं बळ राहिलं नाही. तेव्हा त्यांच्या मुलीने, मिहोकोने, उलथनं हातात घेतलं. ती तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. दुकानात स्वयंपाकघर आणि बाहेरचा बाक, म्हणजे अलीकडे सुशी वळायची आणि पलीकडे गिऱ्हाइकांनी बसून खायची तो लांब ओटा, यांच्या मधे एक निळा पडदा आहे. पडद्याच्या अलीकडे मिहोको भात कालवायची. पलीकडे कुवाता म्हणायचे, "उस्ताद, भात तुमचा!" आणि उस्ताद म्हणायचे, "हं."

अकरा वर्षं! आठवड्याची सुट्टी वजा केली तरी तीन हजारांवर 'हं' झाले. मी मोजत होते. माझ्याकडे दुसरं कामच काय असतं दुपारचं?

मिहोकोने एकदाच विचारलं होतं, "बाबा, मी बाहेर उभी राहू?" उस्ताद म्हणाले, "बायकांचे हात गरम असतात. मासा बिघडतो. गिऱ्हाईक उठून जाईल." हातांबद्दल कुणाला विचारायचं असेल तर मला विचारावं की नाही? सगळ्यांचे हात माझ्या काठांवर पडलेत. सर्वात गरम हात उस्तादांचेच. पण काठवटीची साक्ष कोण काढतो!

मग उस्तादांना दुकानाची चिंता लागली. कुणी तरी ओळखीतून शुन्पेईला आणलं. वय चौतीस, तोक्योच्या बड्या हॉटेलात दहा वर्षं काढलेली, सहा सुऱ्या कापडात गुंडाळून आणलेल्या. माणूस वाईट नव्हता. चपला सरळ लावायचा, 'काकू' म्हणताना मान वाकवायचा. त्याचा एकच दोष होता, त्याला सगळं येत होतं. उस्तादांनी कुवातांना आणि त्यांच्या सोबत्याला, ओनुमांना, सांगून टाकलं, "पाच तारखेला, पहिला लिलाव आटोपला की या. नवा हात दाखवतो. तुम्हाला पटला तर पाटी त्याच्या नावावर." मिहोकोला सांगितलं, "त्या दिवशी भातसुद्धा शुन्पेईच करेल. तू हात लावू नकोस."

मिहोकोने उलथनं धुऊन ठेवलं. वर गेली आणि वर्षअखेरची सुट्टी सुरू झाली तशी स्वयंपाकघरात फिरकलीच नाही.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडे घर, दुकान, होडी, सगळं घासूनपुसून काढतात. शुन्पेईने मलाही घासलं. चांगलं घासलं, नाही म्हणत नाही. मग मला उचलून गच्चीवर नेलं आणि भर उन्हात उपडी घातली. फूसाएकाकू खालून ओरडली, "अरे, तिला सावलीत ठेवतात!"

"काकू, ओलं लाकूड म्हणजे बुरशी," तो वरून म्हणाला. "हॉटेलात तर आम्ही लाकूड ठेवतच नव्हतो."

काकूच्या चुलीवर सणाच्या काळ्या घेवड्याची उसळ होती. ती तिकडे धावली आणि मी वर राहिले.

मित्रांनो, आमच्याकडे हिवाळ्यात पाऊस नसतो. लख्ख ऊन, आणि फुजीकडून येणारा कोरडा वारा. पाच दिवस मी तिथे पडून होते. पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तहान लागली. पाचव्या दिवशी माझ्या फळ्या एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

पाच तारखेला सकाळी नऊ वाजता बाहेर दोन्ही म्हातारे येऊन बसले. भात शिजून तयार. शुन्पेईने मला गच्चीवरून आणलं, पाणी न दाखवता ओट्यावर ठेवलं, जागेवर नीट सरकवायला म्हणून काठाला धरून उचललं, आणि खालचं कडं सुटून ठण्णकन फरशीवर पडलं. मागोमाग वरचं. मी मुद्दाम सुटले असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण लाकडाला लबाडी येत नाही. वाळलं की ते आकसतं, एवढंच.

गरम भात थांबत नाही. शुन्पेईने स्टीलचं मोठं भांडं ओढलं आणि त्यात कालवला. स्टील पाणी पीत नाही. सगळं पाणी भातातच राहिलं.

पडद्याआडून मला बाहेरचं ऐकू येत होतं.

"कुपा मासा झकास," कुवाता म्हणाले. "म्हाकूल झकास. सुरी चालते तुझी. आता भाताबद्दल बोलू, की नवं वर्ष आहे म्हणून गप्प बसू?"

"बोला ना," शुन्पेई म्हणाला.

"गेल्या वर्षी मुतखड्यासाठी दवाखान्यात होतो. तिथे असा भात मिळायचा. पण तिथली नर्स निदान हसायची."

ओनुमा दिवसाला दहा शब्द बोलतात. त्यातला एक त्यांनी इथे खर्च केला. "ओला."

उस्तादांनी एक घास खाल्ला, आणि पडदा सारून आत आले. ओट्यावर मी फटी पडलेली, कडी खाली. त्यांचा चेहरा मी सत्तेचाळीस वर्षांत तसा पाहिला नव्हता. त्यांनी वाकून पडलेलं कडं उचललं. फूसाएकाकूने मात्र जिन्याखाली जाऊन हाक मारली, "मिहो! खाली ये. काठवट सुटली."

मिहोको धावत आली. कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. मोरीला बूच लावून पाणी भरलं, मला आत सोडलं, कडी चढवून मोगरीने गोल गोल ठोकत बसवली. "तास लागेल," ती म्हणाली. "तोवर नवा भात शिजतो."

उस्तादांनी आवाज खाली आणला. "ठीक. तू इथे कालव. बाहेर शुन्पेई वळेल. कुणाला काही सांगायचं कारण नाही."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"इथे नाही कालवणार. बाहेर कालवणार, त्यांच्यासमोर. आणि वळणारही मीच."

"आज? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"आजच. उद्या दुकान याचं झालं की मी कुठल्या पडद्यामागे उभी राहू, बाबा? तेवढं सांगा, मग आत कालवते."

उस्तादांनी पडद्याकडे पाहिलं. फूसाएकाकू तांदूळ धुता धुता म्हणाली, "अहो, तास आहे तुमच्याकडे. निवांत ठरवा. नाहीच पटलं तर स्टीलमधला आहेच. दीड किलो उरलाय."

त्या तासात मी प्यायले. कसं सांगू! पाणी धाग्याधाग्यात शिरलं, फळी फळीला टेकली, कडी अंगात रुतली. एका फळीला लांब चीर गेली होती, ती मिटली पण गेली नाही. बाहेर कुवाता बशीवर बोटं वाजवत होते. "नव्या वर्षात लोक देवळात रांग लावतात, आम्ही भातासाठी लावली," असं दोनदा म्हणून झालं. शुन्पेई त्यांना चहा देताना खरं बोलला, ते त्याच्या खात्यावर जमा करते. म्हणाला, "मला भात कालवता येत नाही. हॉटेलात भाताचा विभाग वेगळा होता."

"मग तू काय विभागात सुशी खिलवणार आम्हाला?" कुवाता म्हणाले.

तास संपला. मिहोकोने मला दोन्ही हातांनी उचललं आणि पडदा खांद्याने सारला. उस्ताद वाटेत उभे होते. ती थांबली नाही. ते बाजूला झाले.

तिने मला बाकावर ठेवलं. माझ्या पोटात भात ओतला, व्हिनेगर शिंपडलं, उलथनं चालू केलं. काकू पंखा घेऊन शेजारी. सत्तेचाळीस वर्षांत मी प्रथमच गिऱ्हाइकांची तोंडं समोरून पाहत होते. ऐकायला जेवढी भारदस्त वाटायची तेवढी नव्हती.

"पोरी, हा काय तमाशा?" कुवाता म्हणाले. "काठवट बाहेर कशाला?"

"ओळख करून द्यायला, कुवाताकाका. अकरा वर्षं तुम्ही हिच्यातला, माझ्या हातचा भात खाताय."

"तुझ्या? भात उस्तादांचा."

सगळ्यांनी उस्तादांकडे पाहिलं. तिथे एक 'हं' पुरला असता. दुकान वाचलं असतं, अब्रू वाचली असती, भात आत गेला असता. मी वाट पाहत होते. माझी कडीसुद्धा ताणली होती.

"तिचा," उस्ताद म्हणाले. "माझा खांदा गेला तेव्हापासून तिचाच."

कुवातांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे अकरा वर्षं मला बनवलंत? मी बाजारभर सांगत फिरलो, भात खावा तर उस्तादांचा!"

"चव तीच आहे, काका," मिहोको म्हणाली. "तुम्ही नाव तेवढं चुकीचं सांगत होता." आणि तिने बांगडा कापायला घेतला.

"बाईच्या हातचा मासा शिजतो!"

"मग शिजलेला खा. दात कमी लागतील."

ओनुमा फिसकन हसले. हे दृश्य मी पुन्हा पाहायला पैसे देईन.

पहिली सुशी तिने वळली ती अंमळ मोठी झाली, आणि एका बाजूने कलती. खोटं कशाला सांगू. पण भात सैल, दाणा दाणा सुटा, माणसाच्या अंगाइतका कोमट. तिने एक ओनुमांपुढे ठेवली, एक कुवातांपुढे. ओनुमांनी बोटांनी उचलली, खाल्ली, डोळे मिटले, उघडले.

"आणखी एक," ते म्हणाले. दोन शब्द!

कुवाता उठले. समोरच्या बांगड्याला हातही न लावता त्यांनी अंगरखा चढवला आणि दार धाडकन ओढून गेले. त्यांच्यामागे बाजारातली आणखी चार गिऱ्हाइकं तुटली. ती आजतागायत आलेली नाहीत. यायची असतील तर मी इथेच आहे, नसतील तर त्यांच्या घरी स्टीलची भांडी असतीलच.

शुन्पेईने सुऱ्या गुंडाळल्या. जाताना मिहोकोला म्हणाला, "ताई, हिला कसं वाळवायचं ते सांगता का?" तिने सांगितलं. त्याने लिहून घेतलं.

आता मित्रांनो, इथे माझ्यासारख्या वस्तू हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा. मी नाही म्हणणार. कपाटात जपून ठेवलेली काठवट उन्हातल्यासारखीच मरते, फक्त जरा सावकाश. मला वापरा. रोज पाणी पाजा, रोज गरम भात ओता, काठावर उलथनं आपटलं तरी चालेल. रात्री सावलीत ठेवा. आणि जेवण आवडलं तर ते कुणी केलं ते आधी विचारा, मग कौतुक करा. एवढं जमत नसेल तर पोट भरा आणि गप्प बसा.

त्या सकाळचा हिशोब राहिला. कुवाता पहिल्या फेरीचे पैसे बाकावर आपटून गेले होते, बांगड्याचे बुडाले. ओनुमांनी दोन्ही फेऱ्यांचे दिले. शुन्पेईचं दुकान गेलं. माझी एक फळी गेली, म्हणजे चीर कायमची. मग उस्ताद बाकाला वळसा घालून पलीकडे गेले, आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. त्या बाजूला ते कधी बसले नव्हते. त्यांना पाय कुठे ठेवावेत ते कळेना.

"बांगडा," ते म्हणाले. "मग म्हाकूल. मग तू देशील ते."

आठ घास खाल्ले. बशी रिकामी केली. शेवटी चहा पिऊन पाकीट काढलं.

"अहो, घरात कसले पैसे!" काकू म्हणाली.

"मी गिऱ्हाईक आहे. किती झाले?"

मिहोकोने ओल्या फडक्याला हात पुसले. "दोन हजार आठशे."

उस्तादांनी हजाराच्या तीन नोटा बाकावर ठेवल्या. मिहोकोने त्या उचलल्या, मोजल्या, आणि गल्ल्यातून दोनशे येन काढून त्यांच्यापुढे ठेवले.