उत्तरेच्या वाऱ्याची बाटली

आमच्या तळ्यातला शेवटचा ट्राउट मासा मी अठ्ठावन्न साली पकडला. त्याच तळ्याच्या जिवावर माझ्या बापाने आम्हा सहा जणांची तोंडं भरली होती. आता तळाचा दगड न् दगड दिसतो. शहरातली माणसं येतात आणि म्हणतात, किती स्वच्छ पाणी! माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मेलेलं पाणी स्वच्छच असणार.

इंग्रजांच्या कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर समुद्र ओलांडून आमच्या नॉर्वेत आंबट पाऊस होऊन उतरतो आणि मासे मारतो, हे मला रसायनतज्ज्ञ इंगेब्यर्गने सांगितलं. तिनेच अंगणातल्या खांबावर पाऊस धरायचं नरसाळं बसवलं. रोज सकाळी आठला पाणी बाटलीत भरायचं, चिठ्ठीवर तारीख आणि वाऱ्याची दिशा लिहायची, तिला टपालाने पाठवायचं. चार वर्षांत मी एक सकाळ चुकवली नाही, अंगात ताप असतानाही. मला त्या चिमणीवाल्यांना भर सभेत खाली मान घालायला लावायची होती.

मग एका शरदात त्यांचा तज्ज्ञ रेडिओवर म्हणाला, नॉर्वेचे खडकच मुळात आंबट, आमच्या धुराचा दोष नाही. मी तडक कोठारात गेलो आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीतल्या ॲसिडचे दोन थेंब त्या दिवशीच्या बाटलीत सोडले.

बायको, आसलाउग, दारात उभी होती. "तार्येई, पाणी आपणहून त्यांचं नाव सांगतंय. तू कशाला त्याच्या तोंडात शब्द घालतोस?"

मी तिला बटाटे बघायला पाठवलं. चिठ्ठी सवयीने लिहिली. वारा: उत्तर. वाऱ्याबद्दल खोटं लिहायचं मला सुचलंही नाही.

वसंतात इंगेब्यर्ग स्वतः आली. कॉफी नको म्हणाली. तीच बाटली तिने टेबलावर ठेवली.

"उत्तरेला काय आहे, तार्येई?"

"डोंगर. बर्फ."

"चिमणी?"

"एकही नाही."

दोन्ही देशांच्या बैठकीत ती चिठ्ठी त्यांच्याच तज्ज्ञाने शोधून काढली होती. एक तर नॉर्वे स्वतःच स्वतःला विष घालतो, नाहीतर तुमचा माणूस लबाड आहे, असं तो हसत म्हणाला. मग इंगेब्यर्गने पाणी पुन्हा तपासलं.

"बॅटरीतलं शिसं निघालं त्यात," ती म्हणाली. "ट्रॅक्टर चालू होतो ना अजून?"

मी मान खाली घातली. तिने माझी चारही वर्षं नोंदींतून काढून टाकली होती. एक बाटली खोटी निघाल्यावर बाकीच्या खऱ्या आहेत हे ती कुणाला सांगणार?

मग तिने पिशवीतून दुसरी बाटली काढली. पाच दिवसांनंतरची. वारा: नैऋत्य, इंग्लंडकडून सरळ समुद्रावरून आलेला.

"हिला हात लावला होतास?"

"नाही."

"तू बिघडवलेल्या बाटलीपेक्षा ही जास्त आंबट आहे," ती म्हणाली, आणि तीही पिशवीत परत ठेवली.

जाताना तिने नरसाळं खांबावरून उतरवून गाडीत टाकलं. मला त्या इंग्रजांचा राग येत होता, पण त्याहून जास्त ते थेंब सोडणाऱ्या माझ्या या दोन बोटांचा. दुसऱ्या दिवशी नैऋत्येकडून पाऊस आला. आठ वाजता मी रिकामी बाटली घेऊन खांबापाशी उभा होतो.