बारा सुया

माझी सून वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण त्या दिवशी तिला धरून बदडावं असं वाटलं मला.

मी जन्मभर टेलर. आता अठ्ठ्याहत्तरीत बिल्डिंगमधल्यांची काज-बटणं, उसवलेल्या शिवणी फुकट करून देते. हात चालतो, पण सुईचं नेढं दिसत नाही. म्हणून रोज नऊच्या ठोक्याला तळमजल्यावरचे घड्याळवाले दोन जिने चढून यायचे. दाढी घोटून, इस्त्रीचा शर्ट घालून. दुकान बंद झालेलं, बायको गेलेली. डोळ्याला भिंग लावून माझ्या बारा सुयांत बारा रंगांचे दोरे ओवायचे, चहा घ्यायचे, माझ्या टाक्यांना नावं ठेवायचे आणि जायचे.

मग सुनेने नेढ्यात दोरा आपोआप बसणाऱ्या सुया आणल्या. घड्याळवाले यायचे बंद झाले. सर्दीबिर्दी झाली असेल, म्हटलं.

आठव्या दिवशी त्यांची मुलगी जिन्यात रडली. "बाबा अंथरुणातून उठतच नाहीत हो. डॉक्टर म्हणतात, आजार काहीच नाही."

तेव्हा कुठे सूनबाईंनी तोंड उघडलं. "मीच त्यांना म्हटलं होतं, काका, आता तुम्हाला त्रास नको. आराम करा."

आराम! मेल्यावर आहेच की तो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्रास नाही, त्यांची सकाळ काढून घेतलीस तू!"

"अहो आई, मी चांगल्यासाठीच..."

"तुझं चांगलं घाल चुलीत!"

पक्कड घेऊन तिच्यादेखत नव्या सुया एकेक करून मोडल्या. जुन्या बारा घेतल्या आणि खाली गेले.

घड्याळवाले भिंतीकडे तोंड करून पडले होते. दाढीचे खुंट वाढलेले. मला त्यांचाही राग आला. एका वाक्यावर अंथरूण धरतो होय माणूस?

"उठा. बारा सुया ओवायच्यात."

"तुमच्याकडे नव्या आहेत ना."

"मोडल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

ते उठून बसले, उशीखालून भिंग काढलं. पहिला दोरा चारदा हुकला.

"दोरा भिकार आहे तुमचा," ते गुरगुरले. पाचव्यांदा दोरा गेला. दुसरी सुई उचलत त्यांनी विचारलं, "त्या नव्या बऱ्या होत्या का हो?"

"छे! कुचकामी," मी म्हणाले.

आठ दिवस मी त्याच सुयांनी खुशाल शिवत बसले होते, आणि दोन जिने उतरून यांची साधी चौकशी केली नव्हती.