देवाजी पेंटरच्या पताका

मीनलने खाटेखालून निळ्या ऑइलपेंटचा डबा ओढून काढला, तसा देवाजी पेंटर पडल्या जागेवरून खेकसला, "ठेव तो डबा. कपड्याले लागला तर जन्मात निघत नाई." पण नात कसली ऐकते! तिच्यामागे गल्लीतली चार-पाच पोट्टी आधीच अंगणात ठाण मांडून बसली होती. उन्हाळ्यामुळे शाळा दुपारीच सुटायची, आणि बाईंनी त्यांना नवीनच खूळ शिकवलं होतं. परातीत पाणी घ्यायचं, वर पातळ केलेला रंग शिंपडायचा, काडीने जरा फिरवायचा आणि कागद अलगद टेकवून उचलायचा, की पाण्यावरची नक्षी कागदावर. भीमजयंतीला विहारासाठी अशाच पताका करायच्या, हे पोरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

देवाजीला पोरांचं वावडं नव्हतं. वावडं होतं त्या डब्याचं. नार्नूरपासून उटनूरपर्यंत दुकानांच्या पाट्या एके काळी त्याच्याच हातच्या. मराठी असो की तेलुगू, अक्षर असं की जाणाऱ्याने थांबून बघावं. निम्मं काम फ्लेक्सने खाल्लं आणि उरलेलं त्याच्या उजव्या हाताने. हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी कमी राहील, जाणार नाही. ही गोष्ट बायको पंचफुलाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. काम घेऊन कुणी आलं, की पंचफुला दारातूनच सांगायची, त्यांना सवड नाही. देवाजीने विहारात जाणंसुद्धा सोडलं. लोक म्हणत, पेंटरला माज आला. देवाजीला तो माज परवडायचा, लोकांची कीव परवडत नव्हती.

पण पोरं रंग नासवतील या धास्तीने तो उठला, आणि उठला तो सवयीने भलतंच करून बसला. पाटी लिहिण्याआधी नीळ लावलेला दोरा ताणून सोडतात, तसा मीनलला एक टोक धरायला लावून त्याने प्रत्येक कागदावर सरळ रेघा मारल्या. सगळे कागद झाल्यावर मीनलने विचारलं, यावर अक्षरं कुठं लिहायची आहेत? देवाजी कपाळावर हात मारून हसला. पंचफुला चुलीपासून उठून बघायला आली, इतक्या दिवसांनी तो हसला होता.

पोरांनी रंग शिंपडला तर ब्रशमधून भलेमोठे थेंब पडून परातीत नुसते डाग झाले. "असं नाई रे बापा," म्हणत देवाजीने मीनलकडून ब्रश घेतला, आणि नेमका उजव्या हातात घेतला. हात हालायला लागला. ब्रशमधला रंग मोहरीसारखा बारीक बारीक झडत पाण्यावर पसरला. पोरं परात सोडून त्याच्या हाताकडे बघायला लागली.

"आबाजी, तुमचा हात काऊन हालून राह्यला?"

याच प्रश्नाच्या भीतीने तो घरात कोंडून बसला होता. आता नातीशी काय खोटं बोलायचं? "बिमारी आहे बेटा," त्याने सांगून टाकलं.

"मंग आता पिवळा घ्या," मीनल म्हणाली. "निळ्यावर साय धरून राह्यली."

झालं, एवढंच. बाकीच्या पोट्ट्यांना तर ती युक्तीच वाटली. जो तो मनगट हालवून बघायला लागला, पण एकालाही जमेना. देवाजीने पिवळा शिंपडून कागद उचलला तेव्हा निळ्यावर पिवळे कण असे दाट उमटले होते की देवाजीच्या सरळ रेघा शोधून सापडेनात. तो कितीतरी वेळ कागद धरून बसला. आपला हात अजून कशाच्या तरी उपयोगाचा आहे म्हणायचा.

संध्याकाळी विहार समितीचा नागेश पताका न्यायला आला. दोरीवरचे कागद बघून तो हरखलाच. जयंतीला मंडपात बसून सगळ्या पोरांना हे शिकवाल का, असं त्याने विचारलं. देवाजीला सवड नाही, असं पंचफुला नेहमीप्रमाणे सांगू लागली, तर देवाजीने तिला थांबवलं.

"सवड आहे. हात हालते माहा, नागेश. पाट्या आता होत नाईत. हे होते."

नागेशने परात विहारातली चालेल का, एवढंच विचारलं.

जयंतीच्या सकाळी देवाजी मंडपात बसला. पोरांच्या मागे आयाबाया आणि म्हातारे वाकून बघत होते. मध्येच नागेशने चहाचा कप पुढे केला. देवाजीने तो उजव्या हाताने घेतला. निम्मा चहा मातीत सांडला. उरलेला त्याने सगळ्यांच्या देखत सावकाश संपवला आणि रिकामा कप पुन्हा किटलीपुढे धरला.